श्रुतीवाचून स्मृती : इंग्लंडमधील काही दुर्लक्षित सायकेडेलिक ध्वनिमुद्रिका आणि त्यांचे रसिक

१

एखादी कृती 'विस्मृत' झाली असे म्हटले की ती पूर्वी केव्हातरी कोणाच्या तरी स्मरणात होती, हे ओघानेच गृहीत धरले जाते. विस्मरण ही ज्ञानानंतरची अवस्था होय. जे कधी जाणलेच नाही ते विसरता येत नाही. 'उपेक्षित' या शब्दात कृती माहीत असूनही तिला मान दिला गेला नाही, असा आरोप आहे. 'दुर्लक्षित' हा शब्द त्या मानाने सौम्य आणि अधिक काटेकोर आहे. वस्तू समोर होती, परंतु तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही, एवढेच तो सांगतो. १९६६ ते १९६९ या काळात इंग्लंडमध्ये निघालेल्या आणि आज 'सायकेडेलिक पॉप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिकांविषयी जे विपुल लेखन झाले आहे, त्यात या तीनही अर्थांची सरमिसळ झालेली आढळते. रसिक मंडळी या तबकड्यांना 'हरवलेल्या', 'विसरल्या गेलेल्या' असे म्हणतात आणि आपण त्यांचे स्मरण जागवीत आहोत, अशी त्यांची भावना असते. वस्तुतः यांपैकी बहुतेक तबकड्या निघाल्या त्या वेळी फारच थोड्यांच्या कानांवर पडल्या. आणि पुढे ज्यांनी त्यांचे स्मरण चालविले त्यांच्यापैकी अनेकांनी त्या त्या काळी मुळीच ऐकल्या नव्हत्या.

मग हे स्मरण कशाचे ? हा प्रश्न वरवर वाटतो तितका शाब्दिक नाही. भारतीय परंपरेत स्मृतीचे प्रामाण्य श्रुतीवर आधारलेले आहे. एखाद्या स्मृतिवचनाचे मूळ श्रुतीत सापडत नसेल तर काय करावयाचे, याचा विचार पूर्वमीमांसेने स्वतंत्र अधिकरणात केला आहे. येथे श्रुती हा शब्द 'ऐकणे' या साध्या धात्वर्थाने घेतला, तर त्याच स्वरूपाचा प्रश्न या ध्वनिमुद्रिकांबाबत उपस्थित होतो. जे समाजाने ऐकलेच नाही त्याची स्मृती निर्माण झाली. ती इतकी बळावली की तिने त्या काळाचा इतिहास काही अंशी नव्याने लिहविला. अशा स्मृतीला इतिहासाचे साधन म्हणून कितपत मान्यता द्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम संज्ञेविषयी. 'सायकेडेलिक' हा शब्द संगीतातून आलेला नाही. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात काम करणाऱ्या हम्फ्री ऑस्मंड या इंग्रज मनोविकारतज्ज्ञाने १९५६ मध्ये ऑल्डस हक्सली यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात तो घडविला. मेस्कॅलिन, एलएसडी यांसारख्या द्रव्यांच्या परिणामांचे वर्णन करण्यासाठी त्यांना एक निःपक्ष संज्ञा हवी होती. 'चित्त' आणि 'प्रकट' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून ती बनविण्यात आली. 'चित्त प्रकट करणारे' असा तिचा व्युत्पत्त्यर्थ होय. दहा वर्षांच्या आत ही वैद्यकातील संज्ञा भित्तिचित्रे, पोशाख, रंगीत प्रकाशयोजना आणि अखेरीस संगीत यांचे विशेषण होऊन बसली. अर्थविस्ताराचे इतके वेगवान उदाहरण विरळाच आढळते. इंग्लंडमध्ये १९६६ साली एलएसडीवर कायद्याने बंदी आली. म्हणजे शब्द लोकप्रिय होत असतानाच त्याचा मूळ विषय निषिद्ध ठरला होता. त्यामुळे या संगीतातील अनेक कृतींचा अमली द्रव्यांशी संबंध केवळ शब्दापुरता किंवा नादापुरताच होता, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

या संगीताची जन्मभूमी मुख्यतः लंडन ही होय. २३ डिसेंबर १९६६ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडवर जो बॉइड आणि जॉन हॉपकिन्स यांनी 'यूएफओ' या नावाचा क्लब सुरू केला. पिंक फ्लॉइड व सॉफ्ट मशीन हे वाद्यवृंद तेथे नेहमी वाजवीत. २९ एप्रिल १९६७ रोजी अलेक्झांड्रा पॅलेस येथे रात्रभर चाललेला मेळा हा या चळवळीचा कळस मानला जातो. परंतु क्लबपेक्षाही ध्वनिमुद्रणाची खोली हेच या संगीताचे खरे क्षेत्र होते. एकाच आवाजाची किंचित मागेपुढे सरकलेली दुसरी प्रत यंत्राने निर्माण करण्याची युक्ती ईएमआय कंपनीच्या ॲबे रोड येथील स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी १९६६ मध्ये योजिली. फीत उलटी फिरविणे, तिचा वेग बदलणे, दोन प्रतींच्या सूक्ष्म अंतरातून लाटेसारखा घुमणारा नाद काढणे, हे प्रयोग पुढील दोन वर्षांत सर्रास होऊ लागले. कळ दाबताच आधी मुद्रित केलेली बासरीची वा तंतुवाद्यांची ध्वनिफीत वाजू लागते अशा 'मेलोट्रॉन' या वाद्याने लहान वृंदांनाही मोठ्या वाद्यमेळाचा आभास निर्माण करता आला. हे वाद्य बर्मिंगहॅम येथे तयार होत असे.

अमेरिकेतील समकालीन संगीतात व्हिएतनाममधील युद्धाची छाया दिसते. इंग्लंडमधील कृतींत तिच्याऐवजी बालपण, जुनी खेळणी, चहाचे टेबल, विक्षिप्त काका, गावची बाग आणि आजोबांच्या काळातील इंग्लंड ही चित्रे वारंवार येतात. पिंक फ्लॉइडच्या १९६७ मधील पहिल्या लाँग-प्ले तबकडीचे नाव केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ सालच्या 'द विंड इन द विलोज' या बालकथेतील एका प्रकरणाचे आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत निघालेल्या बीटल्सच्या दोन गीतांना लिव्हरपूलमधील बालपणीच्या स्थळांची नावे आहेत. युद्धोत्तर टंचाईत वाढलेल्या पिढीने न पाहिलेल्या एका सुखी काळाची ही कल्पना होती. तेव्हा स्वतः न अनुभवलेल्या काळाविषयी हळहळ वाटणे हा या संगीताच्या रसिकांचाच नव्हे, तर मूळ कर्त्यांचाही विशेष होता.

भारतीय संगीताचा संस्पर्श हेही या काळाचे एक लक्षण. बीटल्सच्या १९६६ मधील 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीतील 'लव्ह यू टू' या गीतात अनिल भागवत यांनी तबला वाजविला आणि त्यांचे नाव वेष्टनावर छापले गेले. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबई येथील एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले. 'दि इनर लाइट' या गीताची वाद्यबाजू तेथेच तयार झाली. मार्च १९६८ मध्ये ते गीत एका लोकप्रिय तबकडीच्या मागच्या बाजूस छापले गेले. बीटल्ससारख्या विख्यात वृंदाच्या नावाखाली आल्याने या कृतींची नोंद राहिली. ज्यांच्यामागे असे नाव नव्हते त्यांचे काय झाले, हे पाहणे येथे प्रस्तुत आहे.

३

या तबकड्या दुर्लक्षित का राहिल्या ? 'त्या काळाच्या पुढे होत्या' हे रसिकांचे आवडते उत्तर कारणमीमांसा या नावास पात्र नाही. खरी कारणे व्यवहाराची आहेत.

पहिले कारण उत्पादनाच्या पद्धतीत आहे. ईएमआय, डेक्का, फिलिप्स, पाय अशा मोजक्या कंपन्यांच्या हाती हा व्यवसाय होता. मिनिटास ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी काढण्याचा खर्च बेताचा असे. म्हणून अनेक वृंदांच्या तबकड्या काढावयाच्या आणि जी चालेल तिच्यामागे पैसा लावावयाचा, असे त्यांचे धोरण होते. जी पहिल्या काही आठवड्यांत चालली नाही तिची पुन्हा छपाई होत नसे. 'सार्जंट पेपर' या बीटल्सच्या तबकडीच्या यशानंतर प्रत्येक कंपनीला तशा वळणाचे काहीतरी हवे होते. त्यामुळे पुरवठा वाढला, मागणी मात्र त्या प्रमाणात वाढली नाही.

दुसरे कारण नभोवाणीचे. बीबीसीला संगीतकारांच्या संघटनेशी व ध्वनिमुद्रिका-कंपन्यांशी झालेल्या करारांमुळे दिवसातून ठरावीक वेळच तबकड्या वाजविता येत. ही मर्यादा 'नीडल टाइम' म्हणून ओळखली जाई. १९६४ पासून किनाऱ्याबाहेर नांगरलेल्या जहाजांवरून 'रेडिओ कॅरोलाइन', 'रेडिओ लंडन' इत्यादी केंद्रांनी हे बंधन झुगारून दिवसरात्र तबकड्या वाजविण्यास प्रारंभ केला. १९६७ च्या उन्हाळ्यात रेडिओ लंडनवर जॉन पील यांचा 'द परफ्युम्ड गार्डन' हा मध्यरात्रीचा कार्यक्रम अपरिचित वृंदांचे मोठे आश्रयस्थान झाला होता. परंतु १४ ऑगस्ट १९६७ रोजी मध्यरात्री सागरी प्रक्षेपणाविरुद्धचा कायदा अमलात आला आणि बहुतेक जहाजे मूक झाली. बीबीसीचे 'रेडिओ १' हे केंद्र ३० सप्टेंबरला सुरू झाले. म्हणजे सायकेडेलिक तबकड्यांचे उत्पादन शिगेस पोहोचले नेमक्या त्याच वेळी त्या वाजविणारी साधने आटली. शिवाय अमली द्रव्यांचा संशय आलेल्या गीतांवर बीबीसीचा कटाक्ष असे. 'द स्मोक' या वृंदाचे 'माय फ्रेंड जॅक' हे १९६७ मधील गीत या संशयात सापडून इंग्लंडमध्ये ४५ व्या क्रमांकापुढे गेले नाही. जर्मनीत तेच दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. दोन देशांतील हा फरक पाहता त्याची गुणवत्ता हे इंग्लंडमधील अपयशाचे कारण म्हणता येत नाही.

सर्व तबकड्यांचे दैव सारखे नव्हते, हे चार उदाहरणांवरून स्पष्ट होईल. सेंट ऑल्बन्स येथील 'द झॉम्बीज' या वृंदाने १९६७ मध्ये मुख्यतः ॲबे रोड येथे 'ओडेसी अँड ओरॅकल' ही तबकडी मुद्रित केली. ती एप्रिल १९६८ मध्ये निघाली तेव्हा वृंद फुटून काही महिने झाले होते. इंग्लंडमध्ये तिला ग्राहक मिळाले नाहीत. पण तिच्यातील 'टाइम ऑफ द सीझन' हे गीत १९६९ च्या आरंभी अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले, आणि ते रंगमंचावर गाण्यासाठी वृंदच अस्तित्वात नव्हता. वेष्टन रंगविणाऱ्या चित्रकाराच्या हातून नावातील 'ओडेसी' या शब्दाचे इंग्रजी वर्णलेखन चुकले होते. तो बुद्धिपुरस्सर केलेला श्लेष असल्याचे समर्थनही पुढे करण्यात आले. आज तो अपपाठच अधिकृत पाठ आहे.

'द प्रिटी थिंग्ज' यांची 'एस. एफ. सॉरो' ही एका माणसाची जन्मापासून वार्धक्यापर्यंतची कथा सांगणारी तबकडी डिसेंबर १९६८ मध्ये निघाली. बीटल्सचे माजी ध्वनितंत्रज्ञ आणि पिंक फ्लॉइडचे निर्माते नॉर्मन स्मिथ यांनी तिची निर्मिती केली होती. 'द हू' यांची 'टॉमी' ही याच जातीची विख्यात कृती मे १९६९ मधील आहे. परंतु अमेरिकेत 'एस. एफ. सॉरो' उशिरा, म्हणजे 'टॉमी'नंतर, प्रसिद्ध झाली. त्यामुळे तेथील श्रोत्यांना जी कृती आधीची होती तीच अनुकरण वाटली.

'कॅलायडोस्कोप' या लंडनच्या वृंदाच्या 'टँजरिन ड्रीम' (१९६७) व 'फेंटली ब्लोइंग' (१९६९) या दोन तबकड्या फाँटाना या नाममुद्रेखाली निघाल्या आणि खपल्या नाहीत. नाव बदलून 'फेअरफील्ड पार्लर' झालेल्या या वृंदाने १९७० च्या दशकारंभी 'व्हाइट-फेस्ड लेडी' ही दोन तबकड्यांची दीर्घ कृती पूर्ण केली. ती प्रकाशात येण्यास १९९१ साल उजाडले. चौथे उदाहरण बिली निकोल्स यांच्या 'वुड यू बिलीव्ह' या तबकडीचे. इमिजिएट या स्वतंत्र कंपनीने १९६८ मध्ये तिच्या सुमारे शंभर प्रती काढल्या, पण ती बाजारात आणलीच नाही. कंपनी १९७० मध्ये बुडाली.

पहिली कृती उशिरा ऐकली गेली, दुसरी चुकीच्या क्रमाने, तिसरी वीस वर्षे बंद राहिली, आणि चौथी छापली जाऊनही प्रकाशित झाली नाही. या चौघींना 'विस्मृत' या एकाच शब्दाखाली गोळा करणे म्हणजे चार भिन्न घटना पुसून टाकणे होय.

४

आता या कृतींच्या पुनरुज्जीवनाकडे वळावयाचे. त्याची सुरुवात कोणत्याही विद्यापीठात, ग्रंथालयात अथवा मूळ कंपनीत झाली नाही. अमेरिकेत १९७२ मध्ये लेनी के यांनी 'नगेट्स' हा २७ गीतांचा संग्रह प्रसिद्ध करून, न गाजलेल्या वा क्षणभर गाजलेल्या तबकड्या एकत्र ऐकल्या तर त्यांतून एका शैलीचे दर्शन घडते, हे दाखवून दिले. इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास 'चॉकलेट सूप फॉर डायबेटिक्स' यासारखे संग्रह निघू लागले. ते बहुधा परवानगीवाचून काढलेले असत आणि मूळ कर्त्यांना त्यांतून काही मिळत नसे. १९८० पासून 'रेकॉर्ड कलेक्टर' हे मासिक जुन्या तबकड्यांच्या याद्या व किमती नियमाने देऊ लागले. १९८३ मध्ये माइक स्टॅक्स यांनी अमेरिकेत 'अग्ली थिंग्ज' हे नियतकालिक काढले; त्याचे नावच 'द प्रिटी थिंग्ज' यांच्या नावावर बेतलेले आहे. १९८४ पासून फिल स्मी यांच्या बॅम-करुसो संस्थेने 'रबल' ही वीस भागांची मालिका प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. व्हर्नन जॉयन्सन यांचा 'द टॅपेस्ट्री ऑफ डिलाइट्स' हा कोश १९९५ मधील आहे. २००१ मध्ये 'नगेट्स'चा दुसरा, मुख्यतः ब्रिटिश कृतींचा, चार तबकड्यांचा संच निघाला, तेव्हा या क्षेत्राची एक मान्य परंपराच तयार झाली होती.

या रसिकांची कार्यपद्धती अभ्यासण्याजोगी आहे. ताम्रपटाच्या अभ्यासकाने अक्षरवळण, कडी व मुद्रा पाहून काळ ठरवावा, त्याप्रमाणे ते तबकडीच्या मध्यभागी कोरलेला साचाक्रमांक, लेबलाचा रंग, नमुनाप्रतीवरील मोठे 'ए' हे अक्षर आणि लेबलावर दाबून उमटविलेली विक्रीकराची सांकेतिक अक्षरे यांवरून छपाईचा काळ व क्रम ठरवितात. एका प्रतीवर भिस्त न ठेवता अनेक प्रती ताडून पाहण्याची सवय त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतली. त्यांच्यापैकी बहुतेकांना इतिहासाचे औपचारिक शिक्षण नव्हते. पण साधनांची पारख करण्याच्या कामी त्यांनी दाखविलेली चिकाटी व्यावसायिक संशोधकालाही अनुकरणीय वाटेल.

हे काम त्यांनी केले नसते तर बरेच काही कायमचे नष्ट झाले असते. बीबीसीमध्ये ध्वनिफिती व चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याची प्रथा होती. 'नीडल टाइम'च्या मर्यादेमुळे वृंदांना स्टुडिओत बोलावून त्यांची गीते मुद्रित केली जात. त्यांतील पुष्कळसे मुद्रण अशा रीतीने नाहीसे झाले. काही कार्यक्रम आज उपलब्ध आहेत ते एखाद्या श्रोत्याने घरच्या यंत्रावर नभोवाणीवरून उतरवून घेतलेल्या फितीमुळे. संस्थेने पुसले ते घराघरांतून राहिले. संगीताच्या इतिहासात खाजगी संग्रहाचे स्थान कोणते, याचा पुनर्विचार करावयास लावणारी ही घटना आहे.

कर्त्यांच्या दृष्टीने या पुनरुज्जीवनाचे मोल वेगळेच होते. १९९८ मध्ये 'द प्रिटी थिंग्ज' यांनी 'एस. एफ. सॉरो' ही संपूर्ण कृती ॲबे रोड येथेच पुन्हा सादर केली. मार्च २००८ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये 'झॉम्बीज'च्या हयात मूळ सदस्यांनी 'ओडेसी अँड ओरॅकल' संपूर्ण वाजविली, तेव्हा ती निघून चाळीस वर्षे लोटली होती. त्यांचे गिटारवादक पॉल ॲटकिन्सन २००४ मध्येच निवर्तले होते. विलंबाने झालेला न्याय सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही.

५

या स्मरणकार्यातील सर्वांत महत्त्वाची घटना मात्र संग्रहाची नसून नामकरणाची आहे. १९६६ च्या सुमारास मारधाड करणाऱ्या तालप्रधान संगीताकडून सायकेडेलिक वळणाकडे जाणाऱ्या काही तबकड्या निघाल्या. त्यांना आज 'फ्रीकबीट' असे म्हणतात. 'द क्रिएशन' यांचे 'मेकिंग टाइम' हे १९६६ मधील गीत या वर्गाचे आदर्श उदाहरण म्हणून दाखविले जाते. परंतु ही संज्ञा त्या काळची नाही. ती १९८० नंतरच्या दशकात फिल स्मी यांनी प्रचारात आणली. १९६६ मध्ये 'आम्ही फ्रीकबीट वाजवितो' असे म्हणणारा एकही वादक असणे शक्य नव्हते. त्याचप्रमाणे बालपण, खेळणी व परीकथा यांनी भरलेल्या गीतांना 'टॉयटाउन' हे जे नाव रसिकांनी दिले तेही मागाहून दिलेले आहे.

यात गैर काही नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात संत, पंत व तंत ही कवींची त्रिविध विभागणी सर्वपरिचित आहे. पण मोरोपंतांनी काही स्वतःला 'पंतकवी' या वर्गात घालून आर्या रचिल्या नाहीत. वर्गाचे नाव नेहमीच मागून येते. भाषाशास्त्रदृष्ट्या विचार करता संज्ञा ही पूर्वीपासून असलेल्या वस्तूला चिकटविलेली चिठ्ठी नसून, अनेक वस्तूंतील साम्य दृष्टोत्पत्तीस आणणारे ते एक साधन असते. 'फ्रीकबीट' ही संज्ञा नसती तर इतस्ततः विखुरलेल्या शेकडो तबकड्या शेकडो स्वतंत्र अपयशे म्हणूनच राहिल्या असत्या. संज्ञेने त्यांना एका कुळात आणले. आणि कूळ मिळताच त्यांना इतिहास मिळाला.

मात्र संज्ञा साम्य दाखविते तेव्हाच भेद झाकते. ज्या वृंदाने पाच तबकड्या काढल्या आणि त्यांतील एकच या वर्गात बसते, त्याच्या उरलेल्या चार तबकड्यांकडे संग्राहकाचे लक्ष जात नाही. याहून सूक्ष्म असा एक धोका साक्षीपुराव्याबाबत संभवतो. वयोवृद्ध झालेल्या वादकाची मुलाखत घेताना रसिक त्याला स्वतःच्या संज्ञांतच प्रश्न विचारतो. वादक त्या संज्ञा उचलतो आणि आपल्या तारुण्याचे वर्णन त्यांतूनच करू लागतो. पुढे हेच वर्णन मूळ साक्ष म्हणून उद्धृत होते. अशा वेळी साक्षीदाराच्या तोंडून प्रश्नकर्त्याचाच शब्द बाहेर पडत असतो. म्हणून मुलाखतीतील प्रत्येक संज्ञेचा प्रथमोपयोग केव्हाचा, हे तपासल्यावाचून ती पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही.

६

दुसरी सावधगिरी मूल्यमापनाबाबतची. दुर्मिळता आणि गुणवत्ता या दोन भिन्न गोष्टी होत. परंतु जेथे एका सात इंची तबकडीस शेकडो, क्वचित हजारो पौंड मोजले जातात तेथे या दोहोंची गफलत होणे स्वाभाविक आहे. जी तबकडी कमी छापली गेली ती कमी मिळते. जी कमी मिळते तिची किंमत चढते. आणि चढलेली किंमत हीच तिच्या थोरवीची साक्ष मानली जाते. याउलट, जी तेव्हा लाखोंनी ऐकली ती, ती सायकेडेलिक असली तरी, संग्राहकाच्या परंपरेत गौण ठरते. टुमॉरो या वृंदाचे 'माय व्हाइट बायसिकल' (१९६७) तेव्हा चालले नाही आणि आज ते या परंपरेचे भूषण आहे. त्याच वृंदाचे गायक कीथ वेस्ट यांचे 'एक्सर्प्ट फ्रॉम अ टीनेज ऑपेरा' हे गीत त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर होते. त्याला परंपरेत तोच मान मिळत नाही. १९६७ मधील इंग्लंडने काय ऐकले हे सांगणारा पुरावा या दुसऱ्या गीतात अधिक आहे.

तिसरी सावधगिरी वगळलेल्यांविषयीची. गिटार घेतलेले चार-पाच तरुण इंग्रज ही संग्राहकांच्या परंपरेची मूर्ती आहे. त्या मूर्तीत न बसणारे बाजूस राहतात. मुंबईत १९३६ मध्ये जन्मलेले, गोमंतकीय कुळातील गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनमध्ये स्थिरावले. 'इंटिग्रेशन' आणि जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरिअट यांच्यासह केलेली 'हम दोनो' या त्यांच्या १९६९ मधील तबकड्या. भारतीय रागांची छाया हे तत्कालीन पॉप संगीताचे आकर्षण होते. डिसिल्व्हा यांच्या वादनात ती उसनी घेतलेली नव्हती. तथापि 'जॅझ' या कप्प्यात त्यांची नोंद झाल्याने सायकेडेलिक संगीताच्या इतिहासकारांचे लक्ष त्यांच्याकडे फार उशिरा गेले. १९७० च्या दशकात मुद्रित केलेली 'कोंकण डान्स' ही त्यांची तबकडी २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. डिसिल्व्हा १९९६ मध्येच कालवश झाले होते. शोध घेणारे रसिक येथेही संग्राहकच होते. उशीर झाला तो कप्प्यांच्या नावांमुळे. नाव ज्याप्रमाणे एखाद्या कृतीला इतिहास मिळवून देते, त्याचप्रमाणे चुकीचे नाव तिला इतिहासाबाहेरही ठेवते.

७

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परतावयास हरकत नाही. मूळ श्रुती सापडत नसलेल्या स्मृतीबाबत मीमांसकांनी दिलेला निर्णय दुहेरी आहे. शिष्टांनी सातत्याने जपलेली स्मृती निर्मूळ असणे संभवत नाही. म्हणून प्रत्यक्ष श्रुतीशी विरोध येत नसेल तर तिच्यावरून लुप्त श्रुतीचे अनुमान करावे. परंतु जेथे स्मृतीच्या मुळाशी लोभासारखा उघड हेतू दिसतो, तेथे तिला प्रामाण्य नाही.

ध्वनिमुद्रिकांच्या रसिकांनी निर्माण केलेल्या स्मृतीस हाच न्याय लावता येतो. तत्कालीन लेखी साधनांशी, म्हणजे कंपन्यांच्या याद्या, नियतकालिके, विक्रीचे क्रमांक व तबकडीवरील चिन्हे यांच्याशी ती विरोधी नसेल, तर तिच्या आधारे लुप्त झालेल्या एका श्रवणविश्वाचे अनुमान करणे युक्त आहे. कोणत्या क्लबात काय वाजले, कोणत्या स्टुडिओत कोण कोणास भेटले, कोणती फीत का रद्द झाली, हे अन्य मार्गाने कळण्याजोगे नाही. पण स्तुती करणारा स्वतः विक्रेताही असेल आणि दुर्मिळता हेच स्तुतीचे कारण असेल, तेथे हेतू उघड आहे. ती स्मृती इतिहासाने बाजूस ठेवावी.

एवढे तारतम्य राखले म्हणजे या रसिकांचे ऋण मान्य करण्यात संकोच वाटण्याचे कारण उरत नाही. 'व्हाइट-फेस्ड लेडी' वीस वर्षे कोणी ऐकली नव्हती, म्हणून ती कोणाच्या आठवणीत असणे शक्य नव्हते. ती असावी असे मात्र काहींना वाटत राहिले, आणि ते शोधीत राहिले. त्यांच्या या खटपटीस 'आठवण' म्हणणे शब्दकोशाच्या दृष्टीने चूक असेल; तथापि त्या कृतीच्या कर्त्यांना, स्वतःचे तरुणपणीचे काम मध्यम वयात प्रथमच छापील वेष्टनात हाती घेताना, तिच्यासाठी दुसरा शब्द सुचला असेल असे वाटत नाही.